पत्रा निर्दोष होता

"तू तिकडे नक्की करतेस तरी काय?" असं आई विचारायची. मी म्हणायची, "किरण मारते आणि परत किती येतात ते मोजते." त्यावर आई म्हणायची, "आणि एवढ्यासाठी सातासमुद्रापार जावं लागतं?"

लागतं, असं तेव्हा मी ठणकावून सांगायची. आज पंचाहत्तरीत शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या माझ्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिताना मात्र आईचा प्रश्न तितकासा भाबडा वाटत नाही. कारण किरण मारण्याचं आणि मोजण्याचं काम मी आयुष्यभर प्रामाणिकपणे केलं. फक्त एकदा केलं नाही. त्या एकदाचीच गोष्ट सांगायची आहे. बाकीची कारकीर्द सुरळीत होती, म्हणजे वाचकांच्या दृष्टीने कंटाळवाणी.

आधी धंदा समजावून सांगते. क्ष-किरण आणि त्यांचे जास्त ताकदीचे भाऊ गॅमा किरण अणूवर जाऊन आपटले की तीन गोष्टी होऊ शकतात. अणू किरणाला गिळून टाकतो. किंवा किरण एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का मारतो आणि त्यात थोडी शक्ती गमावून, जरा मरगळून बाहेर पडतो. किंवा, आणि हे फार कमी वेळा होतं, किरण नुसती दिशा बदलतो. जेवढी शक्ती घेऊन आला तेवढीच घेऊन जातो. हळदीकुंकवाला जाऊन वाण न घेता, न देता, नुसती दारातून वळून परत आलेली बाई जशी. याला पुस्तकात लवचिक प्रकीर्णन म्हणतात. आम्ही लॅबमध्ये नुसतं 'इलॅस्टिक' म्हणायचो.

विमानतळावर बॅगा तपासणाऱ्या यंत्रापासून दवाखान्यातल्या चित्रांपर्यंत, कोणत्या धातूवरून कोणत्या कोनात किती किरण असे परततील हे कुणाला तरी माहीत असावं लागतं. ते 'कुणीतरी' म्हणजे आम्ही. आमचे आकडे तक्त्यात जातात, तक्ते पुस्तकात जातात, आणि पुढची माणसं ते डोळे मिटून वापरतात. डोळे मिटून, हे शब्द लक्षात घ्या.

गिऱ्हाइकं म्हणाल तर आम्हाला नसायचीच, पण लोक सोडत नाहीत. मिशिगनमधल्या नोव्हायहून एक मराठी इंजिनिअर बुटाच्या खोक्यात गाडीचा गिअर घेऊन आला होता. "मॅनेजर म्हणतो चीर आहे, मी म्हणतो नाही. ताई, एकदा किरण मारून बघा ना." मी सांगितलं, आमच्या मांडणीवर याला तीन आठवडे लागतील. तो म्हणाला, "अहो, हॉस्पिटलमध्ये एका सेकंदात होतं!" गेला बिचारा खोकं घेऊन. आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पहिल्याच कार्यक्रमात नलूकाकूंनी माझ्या साबुदाणावड्यांकडे बघत विचारलं होतं, "तू त्या किरणांत असतेस ना? मग तुझ्या हातचं खाल्लं तर चालतं ना गं?" कुणीही शहाणी मुलगी हसली असती. मी पेपर नॅपकिनवर अणू काढला आणि अर्धा तास व्याख्यान दिलं. वडे गार झाले. काकूंनी शेवटपर्यंत एकही उचलला नाही.

अशी मी होते. सव्विसाव्या वर्षी केस कमरेपर्यंत आणि तोरा घोट्यापर्यंत. जगात दोनच प्रकारची माणसं आहेत असं मला वाटायचं: ज्यांना मी समजावून सांगितलंय ती, आणि ज्यांना अजून सांगायचंय ती.

तर त्या वर्षी मी वीस धातूंवरून गॅमा किरण किती परततात हे मोजत होते. मांडणी साधी. शिशाच्या जाड डब्यात अमेरिशियमची एक टिकली. (घाबरू नका, घरातल्या जुन्या स्मोक अलार्ममध्येही त्याचा कण असतो.) डब्याला बारीक भोक, भोकासमोर धातूचा पातळ पत्रा, आणि पंचेचाळीस अंशांच्या कोनात द्रव नायट्रोजनने गार ठेवलेला डिटेक्टर. परतणारे किरण इतके थोडे की एकेका पत्र्यासाठी दिवसचे दिवस मोजत बसायचं. मग आलेला आकडा तक्त्यातल्या अपेक्षित आकड्याशी ताडून बघायचा.

एकोणीस धातू शहाण्यासारखे वागले. विसावा यटर्बियम. नाव ऐकलं नसेल तर बिघडत नाही, त्यालाही कुणी विचारत नाही. त्याचा आकडा एक तृतीयांशाने कमी आला. पुन्हा मोजला, तेवढाच कमी. तिसऱ्यांदा मोजला, तसाच.

हे असं का, ते सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. आमच्या गणेशोत्सवात ढोलपथक असतं. सत्तर ढोल एका ठेक्यात वाजले की आवाज पार्किंग लॉटच्या पलीकडे जातो. किरण आला की अणूतले इलेक्ट्रॉनही असेच एका ठेक्यात डोलतात आणि त्या सगळ्यांचा मिळून जो नाद होतो तो म्हणजे परतणारा किरण. पण अणूच्या अगदी आत दोन इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेले असतात. त्यांना उपटून काढायला जेवढी शक्ती लागते, तो त्यांचा उंबरठा. किरणाची शक्ती त्या उंबरठ्याच्या जरा खाली असली, तर हे दोघे नेमका उलटा ठेका धरतात. बाकीचे 'धा' म्हणतात तेव्हा हे मागे ओढतात. एकूण नाद घटतो. यटर्बियमचा उंबरठा आणि अमेरिशियमचा किरण यांच्यात जेमतेम बोटभर अंतर. घट होणारच.

माझ्याजवळच्या तक्त्यात हा उलटा ठेका धरलेला नव्हता. पण तो कुणालाच ठाऊक नव्हता असं नाही. ग्रंथालयात त्याबद्दल वाचायला मिळालं असतं. ग्रंथालय दोन मजले खाली होतं. लिफ्ट होती.

मी गेले नाही. मी पत्र्याकडे पाहिलं. यटर्बियम हवेत ठेवला की त्याच्यावर फिकट थर चढतो. मला वाटलं, सापडला! पत्रा गंजलाय. म्हणजे वजन भरतंय त्यात थोडा ऑक्सिजन आहे, यटर्बियम कमी आहे, म्हणून किरण कमी. मी आकड्याला 'दुरुस्ती' लावली. किती? जेवढी लावली की तक्त्याशी जुळेल तेवढी. प्रोफेसरांनी विचारलं, "फॉइल तपासलास?" मी म्हणाले, "ऑफ कोर्स." तळटीपेत लिहिलं, 'पत्र्याच्या शुद्धतेनुसार दुरुस्त.' निबंध छापून आला. विसांपैकी वीस! त्या रविवारी मी पुरण घातलं.

पुढे तो यटर्बियमचा आकडा आमच्या लॅबमध्ये, आणि हळूहळू बाहेरही, फारच मोठा झाला. आमच्याकडे पद्धत अशी की नवा विद्यार्थी आला की त्याने स्वतःच्या मांडणीवर आधी एक जुना, सर्वमान्य आकडा काढून दाखवायचा. जुळला तर मांडणी पास, पुढचं काम सुरू. न जुळला तर मांडणीत दोष, शोधत बसा. उंबरठ्याजवळचं काम करणाऱ्यांसाठी माझा आकडा ठरला. 'कुमुद व्हॅल्यू.' मला फार अभिमान होता हो त्याचा. ज्यांचा जुळला त्यांनी तो कसा जुळवला, हे मी कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी एक ईमेल आलं. प्रज्ञा मेश्राम, नागपूर, पीएचडीचं चौथं वर्ष, आमच्याच जुन्या लॅबमध्ये. 'डिअर डॉ. कर्णिक, तुमची व्हॅल्यू माझ्याकडे रिप्रोड्यूस होत नाही, माझं काय चुकतंय ते सांगाल का?' मी तिला शनिवारी पोह्यांना बोलावलं.

पोरगी आली ती वही घेऊनच. बारीक चण, जाड चष्मा, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. खुर्चीच्या कडेवर बसली.

"मावशी, सात महिने झाले. आकडा येऊनच नाही राहिला. एक तृतीयांश कमी पडून राहिला."

"पोहे खा आधी."

"डेव्हिड सर म्हणून राहिले, या सेमिस्टरच्या एंडपर्यंत जुळलं नाही तर प्रोजेक्ट दुसऱ्याला देऊ. मग मला मास्टर्स घेऊन निघावं लागन."

डेव्हिड म्हणजे तिचा गाइड. माझ्याकडेच काम शिकलेला, सरळ आणि भयंकर चिवट. मी तिला काय केलं? धीर दिला? छे. चुकांची यादी दिली. शिशाच्या विटांत फट असेल, कोन सरकला असेल, डिटेक्टर नीट गार नसेल. बोलता बोलता अठरा कलमं झाली. आवाजात तोच नॅपकिनवाला सूर. ती मान खाली घालून लिहून घेत होती.

तीन आठवड्यांनी परत आली. अठराही कलमांपुढे तारीख आणि 'ओके'.

"नवीन थिअरी तर म्हणते कमीच यायला पाहिजे," ती हळूच म्हणाली. "मी सरांना दाखवलं. सर म्हणाले, गणित ते गणित, कुमुदने मोजलंय. टिनचा पत्रा लावला तर माझा आकडा बरोबर येते. तर सर म्हणाले, मग तुझा यटर्बियमचा पत्राच खराब आहे."

'तुझा पत्राच खराब आहे.' हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं. हातातला चहा खाली ठेवला.

"मावशी, तुमचा पत्रा किती जाड होता?"

"थांब. बघून सांगते."

तळघरात माझ्या जुन्या वह्यांचे खोके आहेत. माझी नात रिया, वय चौदा, माझ्याबरोबर खाली आली, कारण आजी शिडीवर चढली की तिच्या आईला हिनेच रिपोर्ट द्यायचा असतो. वही सापडली. वर आणून टेबलावर उघडली. डाव्या पानावर मोजलेला खरा आकडा. प्रज्ञाने आपली वही शेजारी ठेवली. दोन्ही आकडे सख्ख्या बहिणींसारखे होते.

उजव्या पानावर एक गुणाकार. शेजारी माझ्या ठसठशीत अक्षरात दोन मराठी शब्द.

रिया मराठी बोलत नाही, पण मंडळाच्या शाळेत वाचायला शिकली आहे. बोट ठेवून वाचलं, "अ-सं ध-रू. आजी, व्हॉट्स दॅट?"

"लेट्स अझ्यूम," प्रज्ञा म्हणाली.

"ओके, बट बेस्ड ऑन व्हॉट?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"आजी! यू मेड इट अप?"

"हो," मी म्हणाले. "मेड इट अप."

चौदा वर्षांच्या मुलीला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. प्रज्ञाला मात्र हसावं की रडावं कळत नव्हतं. मग तिने कागद ओढला आणि एक छोटंसं गणित केलं. यटर्बियमचा सबंध पत्रा गंजून भुकटी झाला असता, चमकणारा एक कणही उरला नसता, तरी त्यात ऑक्सिजन भरतो शंभरात फक्त बारा भाग. आणि मी धरला होता तेहतीस. लख्ख पत्र्याला मी पूर्ण गंजलेल्या पत्र्याच्या अडीचपटीहून जास्त गंजवलं होतं. हे गणित अकरावीत येतं. मी तेव्हा डॉक्टर व्हायला निघाले होते.

"मावशी, मी सरांना काही नाही सांगत," प्रज्ञा म्हणाली. "तुमचं नाव आहे."

"नाव आहे म्हणूनच सांगायचं. सोमवारी तू मला गाडीने नेशील. माझ्या मुलीने हायवेवर ड्राइव्ह करायला बंदी घातलीय."

सोमवारी डेव्हिडने मला मिठी मारली, कॉफी दिली आणि सगळं ऐकल्यावर माझ्या वहीकडे असा पाहत बसला जसा एखादा भाविक मूर्तीचा रंग उडालेला पाहतो. पण डेव्हिड चिवट, हे मी मघाशी सांगितलं. म्हणाला, "कुमुद, तुझी दुरुस्ती खोटी होती हे कळलं. पण म्हणून तुझा मूळ आकडा खरा ठरत नाही. दोन माणसांचे पत्रे सारखेच वाईट असू शकतात. पत्र्यात भेसळ नाही हे कशावरून?"

मला त्याचा इतका अभिमान वाटला! मीच शिकवलं होतं त्याला असं बोलायला. स्वतः मात्र तसं वागले नव्हते.

प्रज्ञा फळ्याकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "सोर्स बदलला तर?"

"कन्टिन्यू," डेव्हिड म्हणाला.

"पत्रा हाच. अमेरिशियम काढून कॅडमियमचा सोर्स लावायचा. त्याचा किरण उंबरठ्यापासून दूर आहे. पत्राच खराब असेल तर तिथंही एक तृतीयांश कमी येईल. पत्रा काय किरण बघून थोडाच खराब होते? पण तिथं पूर्ण आला, तर पत्रा चांगला आहे, आणि घट खरी आहे."

मी टेबलावर थाप मारली. इतकी सोपी युक्ती! माझ्या काळी कॅडमियमचा सोर्स त्याच खोलीत, त्याच कपाटात होता. माझ्या पाठीमागे. मी वळलेही नाही.

डेव्हिडने अट घातली. कॅडमियमवर पूर्ण आकडा आला तर 'कुमुद व्हॅल्यू' रद्द आणि प्रज्ञाचं काम त्याच दिवशी पुढे. कमी आला तर प्रोजेक्ट गेला. प्रज्ञाने होकार दिला तेव्हा तिची बोटं पेनाच्या टोपणाशी चाळा करत होती.

आठवडाभर मोजणी चालली. मी रोज सकाळी जायचे. आता पाहुण्यांना शिशाच्या विटांना हात लावू देत नाहीत, म्हणून स्टुलावर बसून सूचना करायचे. तिसऱ्या दिवशी प्रज्ञा म्हणाली, "मावशी, तुम्ही थोडं गप्प बसता का, प्लीज?" बसले. तिचंच बरोबर होतं. आधी टिनचा पत्रा, मग यटर्बियमचा, पुन्हा टिन, पुन्हा यटर्बियम. स्क्रीनवर मरगळलेल्या किरणांचा पसरट ढिगारा, आणि त्याच्या उजवीकडे, एकटा, बारीक, ताठ उभा आमचा सुळका: शक्ती न गमावता आलेले. इतक्या वर्षांनी तो बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

शुक्रवारी दुपारी प्रज्ञाने हिशेब केला. डेव्हिड मागे उभा. मोजलेल्या आकड्याला अपेक्षित आकड्याने भागलं. एक. अगदी नेमका एक नाही, मोजणीत जेवढा फरक चालतो तेवढ्यात बसणारा, अंगावर थोडी धूळ असलेला, खराखुरा एक.

प्रज्ञाने पुन्हा भागलं. पुन्हा तेच.

डेव्हिडने लॅबचे सर्वमान्य आकडे लिहिलेल्या भिंतीवरच्या पाटीजवळ जाऊन माझ्या नावावर रेघ मारली आणि मार्कर प्रज्ञाच्या हातात दिला. "युअर टर्न." तिने आपला आकडा लिहिला आणि मग खुर्चीवर बसून रडली. मी तिला रडू दिलं आणि मनातल्या मनात नाचले. बाई, मी हरले होते, आणि इतकी मोठी जीत मला आयुष्यात मिळाली नव्हती. तिने तिथूनच नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. आई झोपेतून उठून आलेली. "झालं का गं तुझं?" "झालं, आई!" मागून वडिलांचा आवाज, "जय भीम म्हणा मॅडमना!" मीही म्हणाले, जय भीम, आणि मॅडम नका म्हणू, मीच तुमच्या मुलीला अडवून ठेवलं होतं. त्यांना वाटलं मी नम्रपणा करतेय.

दुरुस्तीपत्र आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. डेव्हिडला भाषा जरा सौम्य हवी होती: 'तत्कालीन मर्यादांमुळे' वगैरे. मी नकार दिला. छापलं ते असं: पत्रा निर्दोष होता, दुरुस्ती लेखिकेने कोणत्याही मोजमापाशिवाय लावली होती. प्रज्ञा आता डॉक्टर मेश्राम आहे.

मी इथेच थांबले असते. पण ते छापून आल्यावर जॉर्जियातल्या अल्फारेटाहून दोन ओळींचं ईमेल आलं. सतीश नावाचे गृहस्थ, सॉफ्टवेअरमध्ये. पंचवीसेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका राज्यात पीएचडी करत होते; यटर्बियमचा आकडा जुळला नाही म्हणून गाइडने 'प्रयोगात हात स्वच्छ नाही' असा शेरा मारला, आणि त्यांनी फिजिक्स सोडलं. खाली फोन नंबर.

असे आणखी किती असतील, हे मला कळायला मार्ग नाही. ते ओझं माझंच आहे आणि ते कुठल्याही दुरुस्तीपत्राने उतरणार नाही. मी दुपारी फोन लावला. नाव सांगितलं.

"मॅडम, माझा आकडा अपेक्षेच्या शून्य पॉइंट सहासष्ट पट होता. मला अजून पाठ आहे."

"माझाही तोच होता, सतीश. मी तो लपवला."

"म्हणजे... माझं बरोबर होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून, घरभर घुमेल असा त्याचा आवाज: "मंजू! अगं मंजू, इकडे ये! त्या कर्णिकबाईंचा फोन आहे! माझं बरोबर होतं!"

"मग मी तुला काय सांगत होते इतकी वर्षं?" एक बाई म्हणाली आणि फोन उचलला गेला. "मावशी, नमस्कार. एक काम करा ना. स्पीकरवर टाकलंय, मुलंही आलीयेत. परत एकदा सांगता?"

मी सांगितलं. चांगलं मोठ्याने, दोनदा.